उजनीत बुडालेलं गाव तीन नकाशांवर तीन ठिकाणी का दिसतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदापूर तालुक्यातलं भीमाकाठचं आजोळ उजनीच्या पाण्यात गेलं. नातवाने इंटरनेटवरून दोन जुने नकाशे उतरवून घेतले. पहिला एकोणिसाव्या शतकातला, एक इंचाला चार मैलांचा. दुसरा विसाव्या शतकातला, एक इंचाला एक मैलाचा. तिसरा कागद घरातच होता, गाव नकाशाची नक्कल. तिन्ही उपग्रहचित्रावर बसवून पाहिले, तर पहिल्यात गाव चार-सव्वाचार किलोमीटर पूर्वेला सरकतं आणि दुसऱ्यात शंभर-दीडशे मीटर आग्नेयेला. तिसरा कुठे टेकवायचा तेच कळेना, कारण त्यावर अक्षांश-रेखांश छापलेलेच नाहीत. यातला खरा कोणता? आणि उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर आजोबांच्या शेताचा बांध यांवरून सापडेल का?

जुने नकाशे स्कॅन करून आजच्या नकाशावर बसवायचं काम मी पंचवीसेक वर्षं करतो आहे. तुम्ही दिलेले आकडे वाचल्यावर हसू आलं, कारण ते अगदी बरोबर आहेत. सव्वाचार किलोमीटर पूर्वेला आणि दीडशे मीटर आग्नेयेला म्हणजे तुमच्या बसवण्यात चूक नाही. नकाशेही चुकलेले नाहीत. प्रत्येक नकाशा काढणाऱ्याला वेगळ्या गोष्टीची काळजी होती, एवढंच. ती काळजी कळली की सरकलेलं गाव जागेवर आणता येतं.

सर्वांत मोठ्या फरकापासून सुरुवात करतो.

सर्व्हे ऑफ इंडिया आपला जन्म १७६७ चा मानतो. त्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने जेम्स रेनेल यांना बंगालचे सर्व्हेअर जनरल नेमलं. त्यांचं काम मुख्यतः वाटेवाटेने चालायचं. रस्त्याने चाक ढकलत अंतर मोजायचं, होकायंत्राने दिशा घ्यायची, मधूनमधून ताऱ्यांवरून अक्षांश काढायचा. पलटण कुठून जाईल आणि वसूल कुठून येईल हे कळायला तेवढं पुरत होतं. खरा पालट झाला तो विल्यम लॅम्ब्टन यांच्यामुळे. १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी त्यांनी साडेसात मैलांची एक पायारेषा साखळीने मोजली. ती एक रेषा मोजायलाच जवळजवळ दोन महिने गेले. त्यानंतर मात्र बाजू मोजायच्या नाहीत, फक्त कोन मोजायचे. एका त्रिकोणावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, असं करत कन्याकुमारीकडून उत्तरेला सरकत जायचं. कोन मोजायचा थिओडोलाइट अर्धा टन वजनाचा होता. लॅम्ब्टन १८२३ साली काम करता करताच वारले, आपल्या हिंगणघाटला. त्यांची कबर तिथेच आहे. वर्धा जिल्ह्यातल्या कितीतरी लोकांना ती ठाऊक नसते.

पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हे त्रिकोण उत्तरेला नेले आणि मध्य भारतात सिरोंजजवळच्या कल्याणपूर या ठिकाणाला सगळ्या हिशेबाचा आरंभबिंदू केलं. बिदरजवळून एक मालिका पश्चिमेला मुंबईकडे फुटली. तुमचं आजोळ त्याच पट्ट्यात येतं.

आता गंमत बघा. त्रिकोणांचं जाळं एका गावाचं दुसऱ्या गावाशी नातं कमालीचं अचूक सांगतं. इंदापूर ते भिगवण किती आणि कोणत्या दिशेला, यात बोट ठेवायला जागा नाही. पण हे सगळं जाळं पृथ्वीवर नेमकं कुठे अडकवायचं? अक्षांश ताऱ्यांवरून मिळतो. रेखांशाला मात्र वेळ लागते, ग्रीनिचला आत्ता किती वाजलेत ते कळावं लागतं. त्या काळी ती वेळ गुरूच्या चंद्रांची ग्रहणं बघून आणि चंद्राच्या चालीवरून मद्रासच्या वेधशाळेत काढली होती. सगळ्या हिंदुस्थानचे रेखांश त्या एका खुंटीला टांगले गेले, आणि खुंटी थोडी पूर्वेला ठोकली गेली होती. पुढे समुद्राखालून तारा आल्या, वेळ तारेने पाठवता येऊ लागली, तेव्हा ते पक्कं झालं. १९०५ पासून दुरुस्त आकडा लागू झाला. कल्याणपूरचा रेखांश ७७° ४१′ ४४.७५″ होता तो ७७° ३९′ १७.५७″ झाला. फरक २ मिनिटं २७ सेकंदांचा. घड्याळाच्या भाषेत बोलायचं तर दहा सेकंदांपेक्षाही कमी. पण इंदापूरच्या अक्षांशावर तेवढ्याचे सुमारे ४.३ किलोमीटर होतात. तुमचं गाव तेवढंच सरकलं होतं!

तेव्हा जुन्या चार मैली शीटचा खालचा समास आधी वाचा. तिथे बारीक अक्षरात एक टीप असते, की या नकाशाचे रेखांश मद्रास वेधशाळेचा रेखांश अमुक धरून काढले आहेत. कधी त्यातच किती वजा करायचं तेही दिलेलं असतं. हा ‘अमुक’ सगळ्या शीटांवर एकच नसतो, कारण मद्रासचा आकडा अधूनमधून सुधारला गेला. म्हणून २ मिनिटं २७ सेकंद डोळे झाकून वजा करू नका. टीपेतला मद्रासचा आकडा घ्या, त्यातून मद्रासचा दुरुस्त रेखांश ८०° १४′ ४७″ वजा करा, आणि येईल तो फरक प्रत्येक कोपऱ्याच्या रेखांशातून कमी करून मगच शीट बसवा. स्कॅन करताना बऱ्याच ठिकाणी समास कापून टाकतात, नुसतं चित्र ठेवतात. अशी स्कॅन मिळाली तर त्याच शीटची समासासकट दुसरी प्रत शोधायला वेळ घालवा, तो वाया जात नाही.

एवढं करूनही या नकाशावर गाव घरापर्यंत सापडेल अशी आशा धरू नका. प्रमाण १:२५३,४४० आहे. कागदावरचा अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर सव्वाशे मीटर. गावाचा ठिपकाच तेवढा असतो. त्याचा उपयोग वेगळा आहे. नावं कशी लिहिली जात, वाटा कुठून जात, बाजाराचं गाव कोणतं, हे त्यावर दिसतं. नावांच्या लिहिण्यावरून शीटचं वयही ताडता येतं. रोमनमध्ये ‘पूर’च्या जागी डबल ओ आणि ‘गड’च्या जागी जीएचयूआर असेल तर अक्षरं कोरली गेली तेव्हा स्पेलिंगचे सरकारी नियम यायचे होते. मागाहूनच्या छपाईत तीच जुनी तांब्याची पाटी वापरलेली असू शकते, हेही धरून चाला. डोंगर जर केसाळ सुरवंटासारख्या रेघांनी दाखवले असतील आणि समोच्च रेषा नसतील, तर नकाशा बहुधा १९०५ च्या आधीच्या घडणीचा.

हे १९०५ साल वारंवार येतंय, कारण तिथे खरंच सांधा आहे. त्याच सुमारास सरकारी समितीच्या शिफारशीवरून देशाची नव्याने, रंगीत, एक इंची पाहणी सुरू झाली. आज आपण ज्याला टोपोशीट म्हणतो ती यातून आली. शीटांचे क्रमांकही याच पद्धतीचे, आणि ते एकदा समजले की पाठ करावे लागत नाहीत. चार अंश बाय चार अंशांच्या चौकोनाला एक आकडा. आपला बराचसा पश्चिम महाराष्ट्र ४७ मध्ये येतो, म्हणजे १६ ते २० अक्षांश आणि ७२ ते ७६ रेखांश. त्याचे एकेक अंशाचे सोळा तुकडे, ए पासून पी पर्यंत, वायव्य कोपऱ्यातून सुरू करून वरून खाली मोजायचे. प्रत्येकाचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे, त्याच क्रमाने. इंदापूर शहर ४७ एन/४ वर येतं. भिगवण आणि पळसदेव ७५ रेखांशाच्या पश्चिमेला, म्हणून ४७ जे मध्ये. पुण्यात शनिवारवाडा ४७ एफ/१४ वर आहे आणि पर्वती ४७ एफ/१५ वर, कारण साडेअठरा अक्षांशाची रेघ दोघांच्या मधून जाते. ऐन शहर दोन शीटांच्या शिवणीवर पडावं हे आमच्या धंद्यातलं जुनं रडगाणं आहे.

आता तुमचा दुसरा नकाशा, म्हणजे एक इंची. यात रेखांशाची ती जुनी गडबड नाही. तरी गाव आग्नेयेला सरकतं, ते पृथ्वीच्या आकारामुळे. एव्हरेस्ट म्हटलं की लोकांना शिखर आठवतं, आम्हाला त्यांचा लंबगोल आठवतो. १८३० साली त्यांनी तेव्हा हाताशी असलेल्या मोजण्यांवरून पृथ्वीचा जो आकार ठरवला, त्यावर आपले टोपोनकाशे पुढची पावणेदोनशे वर्षं काढले गेले. तो हिंदुस्थानच्या भूभागाला नीट चपखल बसावा असा ठेवलेला आहे. त्यामुळे त्याचं केंद्र पृथ्वीच्या खऱ्या मध्यापासून आठशेहून अधिक मीटर बाजूला पडतं. तुमचा मोबाइल आणि उपग्रहचित्रं वापरतात तो डब्ल्यूजीएस ८४ लंबगोल पृथ्वीच्या मध्यावर बसवलेला आहे. एकाचे आकडे दुसऱ्यात तसेच टाकले, तर इंदापूरच्या बाजूला वस्तू साधारण शंभर मीटर दक्षिणेला आणि जवळजवळ तेवढीच पूर्वेला पडते. दोन्ही मिळून झालं आग्नेय.

उपाय सोपा आहे. क्यूजीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावर नकाशे बसवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, शीट बसवताना प्रणाली डब्ल्यूजीएस ८४ न निवडता एव्हरेस्टची निवडा आणि रूपांतराचे तीन आकडे द्या. भारतासाठी सर्रास वापरले जाणारे आकडे २९५, ७३६ आणि २५७ मीटर. त्यांची अचूकता दहा-पंधरा मीटरची आहे. एक इंची नकाशावर पाव मिलिमीटर जाडीची रेघच सोळा मीटर रुंद असते, त्यामुळे आपल्या कामाला तेवढं पुष्कळ झालं.

शीट बसवताना चार कोपऱ्यांवर थांबू नका. एक इंची शीटवर दर पाच मिनिटांनी अक्षांश-रेखांश येतात, म्हणजे कोपरे आणि कडा धरून सोळा छेदबिंदू मिळतात. सोळाही घ्या. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, स्कॅन केलं असेल तर एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर सुमारे ५.४ मीटर. सोळापैकी चौदा बिंदू दोन-तीन पिक्सेलांच्या आत बसले आणि दोन मात्र वीस पिक्सेल भरकटले, तर ते दोन उडवून समाधान मानू नका. ते काहीतरी सांगत असतात.

काय सांगत असतात, ते मी अंगावर घेऊन शिकलो. नोकरीच्या सुरुवातीला एका धरणाच्या कामासाठी एक जुनी शीट माझ्याकडे आली. कापडावर डकवलेली होती. फिरतीवर नेताना घडी घालता यावी म्हणून नकाशा आठ तुकड्यांत कापून, तुकड्यांमध्ये तीन-तीन मिलिमीटरची फट ठेवून ते कापडावर चिकटवायची पद्धत होती. मी अख्खा नकाशा एकच कागद समजून बसवला. तीन मिलिमीटरची एक फट म्हणजे जमिनीवर १९० मीटर, आणि अशा तीन फटी ओलांडल्या की अर्ध्या किलोमीटरच्या पुढे. नदी दोन ठिकाणी तुटून पुढे सरकलेली दिसत होती, आणि मी मात्र पात्र बदललंय असं ठोकून अहवालात लिहून मोकळा झालो. वरच्या साहेबांनी कागद मागवून घेतला, नखाने फटीवर टकटक केलं आणि काही न बोलता परत दिला. तेव्हापासून अशी शीट आली की आधी तुकडे वेगळे कापतो, प्रत्येक तुकडा स्वतंत्र बसवतो आणि मग जोडतो. तुमच्या स्कॅनमध्ये जाळीसारख्या फिकट पट्ट्या दिसत असतील तर तुम्हालाही हेच करावं लागेल.

दुसरी एक पाचर. दोन महायुद्धांच्या काळातल्या आणि नंतरच्या बऱ्याच शीटांवर अक्षांश-रेखांशांशिवाय आणखी एक चौकट छापलेली असते, यार्डांतली. ती लष्कराची. तोफखान्याला अंतरं पटकन काढता यावीत म्हणून. नवखा माणूस तिच्या रेघा ठळक दिसतात म्हणून त्याच धरतो आणि सगळी शीट किंचित तिरकी बसते. ती चौकट सध्या विसरा.

समासात आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे पाहणीचं साल. छपाईचं साल नव्हे. सर्व्हेची टोळी पावसाळा संपला की बाहेर पडायची, उन्हाळ्यापर्यंत प्लेन टेबल, म्हणजे जागेवरच नकाशा काढायचा तिपाईवरचा फळा, खांद्यावर घेऊन हिंडायची आणि पावसाळ्यात ऑफिसात बसून शाईने काढायची. नकाशा छापून यायला पुढे कित्येक वर्षं लागत. नंतरच्या आवृत्तीत नवा रस्ता किंवा लोहमार्ग भरायचा, बाकी सगळं जुनंच. १९४० च्या दशकातली छपाई आणि पाहणी त्याच्या वीस वर्षं आधीची, हे अगदी नेहमीचं. नदीचं पात्रही पावसाळ्यानंतरच्या महिन्यांतलं असतं. भीमेचा पूर कुठवर यायचा ते नकाशावर शोधू नका.

तुमच्या कामाला एक इंची शीटवरच्या बारीक खुणा मोलाच्या आहेत. देऊळ, बांधीव विहीर, कच्ची विहीर, गाडीवाट, पायवाट, यांना वेगवेगळ्या खुणा असतात. ओढ्याकाठी किंवा बांधापाशी ‘५ आर’ किंवा ‘८ आर’ अशा अर्थाची रोमन अक्षरं दिसली तर ती आजूबाजूच्या जमिनीच्या तुलनेत उंची किंवा खोली आहे. गावठाणाचा आकारही बऱ्यापैकी खरा असतो. एका माणसाने डोळ्यांनी पाहून काढलेला असतो तो.

१:५०,००० च्या मेट्रिक शीटांवर आपण १९५० च्या दशकात गेलो, आणि पुढे उजनीचा जलाशय त्यांवर निळ्या रंगात आला. उजनी १९८० साली पुरी झाली. तेव्हा तुम्हाला जलाशय येण्याआधीचंच काहीतरी हवं. अमेरिकी लष्कराच्या मॅप सर्व्हिसने १९५० च्या दशकात काढलेली १:२५०,००० ची ‘यू ५०२’ मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने केव्हाच खुली केलेली आहे. तीत भीमा अजून नदीसारखी दिसते. मजा अशी, की ती मालिका मुख्यतः आपल्याच सर्व्हेच्या नकाशांवरून केलेली. आपल्याकडे मात्र सीमेलगतच्या आणि किनाऱ्यालगतच्या पट्ट्यातले नकाशे सामान्य माणसाला मिळत नसत. कोकणातल्या कॉलेजच्या पोराला स्वतःच्या तालुक्याची शीट बघायची तर अर्ज, शिफारस, शिक्के. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लष्कराची मालिका आणि जनतेची मालिका वेगळी केली, आणि जनतेची डब्ल्यूजीएस ८४ वर नेली. २०१७ पासून त्या शीटा फुकट उतरवता येऊ लागल्या, आणि २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी तर बहुतेक बंधनंच काढली. पण या नव्या शीटांवर तुमचं गाव पाण्याखाली आहे.

आता तिसरा कागद. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर याच्यात आहे.

लॅम्ब्टन-एव्हरेस्टचा सर्व्हे आणि महसूल खात्याचा सर्व्हे या दोन वेगळ्या वंशावळी आहेत. पहिल्याला डोंगर, नद्या, रस्ते हवे होते. दुसऱ्याला शेत किती आणि त्यावर सारा किती, एवढंच हवं होतं. आणि या दुसऱ्या वंशावळीचा उगम दुसरीकडे कुठे नाही, तुमच्या इंदापुरातच आहे. पेशवाई गेल्यावर प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे भागात जमीन मोजून, तिची प्रतवारी करून सारा बसवला होता. मोजणीत गोंधळ, प्रतवारीत गोंधळ, आणि सारा झेपेना. इंदापूर परगण्यातले शेतकरी जमिनी टाकून शेजारच्या निजामाच्या मुलखात निघून जाऊ लागले. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरला नव्याने काम केलं, आणि १८३६ साली तिथे तीस वर्षांची पहिली जमाबंदी लागली. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालाने तीच पद्धत सगळ्या मुंबई इलाख्याची झाली. सर्व्हे नंबर हा शब्द तिथून आपल्या तोंडी बसला. एक नंबर केवढा असावा, तर साधारण एका बैलजोडीला नांगरता येईल एवढा.

मोजायची साधनं होती शंकू, म्हणजे काटकोन साधायचं साधन, आणि साखळी. साखळी ३३ फुटांची आणि तिचे सोळा आणे. एक साखळी बाय एक साखळी म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर आजही आपण गुंठे म्हणतो ते त्या साखळीचे. मोजणारा शेताच्या आतून एक आधाररेषा टाकायचा, तिच्यापासून काटकोनात बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंतचं अंतर साखळी-आण्यांत घ्यायचा आणि टिपणात लिहायचा. टिपण म्हणजे शेताचा कच्चा आराखडा. प्रमाणात नसतो, पण आकडे पक्के. गाव नकाशा ही नंतर सगळी शेतं एकमेकांना जोडून केलेली गोधडी. गोधडीचे तुकडे चांगले, शिवणी इकडेतिकडे ओढलेल्या. अक्षांश-रेखांशांची कुणाला गरजच नव्हती. शेत काही मद्रासच्या रेखांशावरून कसायचं नव्हतं.

म्हणून गाव नकाशा एका हिसक्यात बसत नाही. माझी रीत सांगतो. आधी एक इंची शीट वर सांगितल्याप्रमाणे पक्की बसवा. मग गाव नकाशावर आणि शीटवर दोन्हीकडे असलेल्या वस्तू शोधा. गावठाणाचे कोपरे, देऊळ, ओढा नदीला मिळतो ती जागा, गाडीवाटेचा फाटा, बांधीव विहिरी. सात-आठ मिळाल्या तरी नशीब. पाण्याबाहेर राहिलेल्या शिवारातला भाग आजच्या उपग्रहचित्रावरूनही पकडता येतो, कारण कोरडवाहू भागातले बांध दीडशे वर्षांतही फारसे हललेले नसतात. उजनीकाठी आणखी एक आधार मिळतो. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ पाणी उतरलं की वर येतं, आणि कडक उन्हाळ्यातल्या उपग्रहचित्रांत ते दिसतं. तुमच्या गावाचंही असं काही वर येत असेल तर मे महिन्याची वेगवेगळ्या वर्षांची चित्रं चाळा. चित्राची तारीख बदलायची सोय गूगल अर्थमध्ये आहे. एक पक्का दगडी चौथरा सापडला तर तो दहा अंदाजी बिंदूंच्या तोडीचा.

एक सावधगिरी. तुमच्या कागदावर सर्व्हे नंबर आहेत की गट नंबर, ते बघून घ्या. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरणाच्या कायद्याने पुढे गावोगाव गट पडले आणि जुने नंबर बदलले. आजोबा म्हणायचे तो नंबर आणि नकाशावरचा नंबर वेगळ्याच शेताचे निघण्याची शक्यता मोठी आहे. दोन्हींचा मेळ घालणारा उतारा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. संपादनाच्या निवाड्यात जुना नंबर आणि क्षेत्र दोन्ही असतं, तोही मागवा.

आणि बांधाचं म्हणाल तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. कायद्याने तुमची ती जमीन संपादित झाली आहे. पाणी उतरल्यावर वर येते ती गाळपेराची जमीन, आणि ती कुणी करायची ते सरकार ठरवतं. त्यावर मी किंवा तुम्ही संगणकावर काढलेल्या रेघेला शून्य किंमत आहे. पाण्याबाहेरच्या शिल्लक जमिनीचा वाद असेल तर मोजणी मागवा. मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हाच तिथला कागद. टोपोशीट दाखवून हद्द सांगू बघणारे लोक मी तहसीलमध्ये पाहिले आहेत, त्यांचं कुणी ऐकून घेत नाही आणि ते बरोबरच आहे. त्या शीटने कधी हद्द सांगायचा दावा केलेलाच नाही.

पण तुम्हाला हद्द नको, जागा हवी आहे, असं तुमच्या पत्रावरून वाटलं. मग बांध शोधू नका. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या गाळाखाली मातीचा बांध राहत नाही. विहीर शोधा. बांधीव विहिरीचं कडं टिकतं. गाव नकाशावरून तिची जागा मोबाइलमध्ये घालून घ्या आणि वीस-तीस मीटर इकडेतिकडे धरून चला. गाळात एकटे उतरू नका, तिथला एखादा मच्छीमार बरोबर घ्या. पाय कुठे ठेवायचा ते त्यालाच कळतं. विहीर सापडली की भूमी अभिलेखकडून आणलेली टिपणाची नक्कल उघडा. विहिरीचा उल्लेख टिपणात किंवा गाव नकाशावर असेल तर तिथून बांधाच्या कोपऱ्यापर्यंत किती साखळ्या आणि किती आणे ते काढता येईल. मीटरचा टेप घरी ठेवा. नायलॉनची दोरी घ्या, ३३ फुटांवर कापा, तिला सोळा गाठी मारा, आणि आकडे जसे लिहिलेत तसेच टाकत जा.